गाळावरचं दार

उतावळ्याचं पाणी उपसायचं इंजिन गाळात गेलं, तेव्हा बघायला अर्धा गाव तळ्यावर जमला होता. आता कोणी फिरकत नव्हतं. वर फक्त धुराडं राहिलं होतं आणि त्यावर एक बगळा येऊन बसायचा.

उतावळ्या म्हणजे शेजारचा शेतकरी. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असावं. तळ्याचं पाणी आटत आत सरकलं, तसं त्याने इंजिन बैलगाडीत घातलं आणि गाडी सरळ गाळात हाकली. बैल पोटापर्यंत रुतले. ते सोडवता सोडवता गाडी कलंडली आणि इंजिन खाली गेलं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," थोरली जाऊ काठावर उभी राहून म्हणाली होती. "ह्याच्या गुडघ्याला गाळ."

धाकटी तिच्या मागे उभी होती. ती हसली नाही. तिच्या घरावरही तीच वेळ येणार होती. घरचं शेत तळ्याच्या काठाला लागून होतं आणि त्यात बियाण्याचा कांदा उभा होता. दांड्यांवर पांढरे गोंडे आले होते, पण आतलं बी अजून दुधात होतं. एक पाणी मिळालं की बी भरणार, नाही मिळालं तर फोलपटं. इंजिन काठावर होतं आणि पाणी तिथून बरंच आत. पाणी ओढणारा पाइप लांबवला की इंजिन हवाच गिळायचं. थोरल्या दिराने करून पाहिलं होतं. इंजिन खोकलं, गरम झालं, थुंकीभरही पाणी आलं नाही.

घरात माणसं चार. सासरे, म्हणजे म्हातारा, जन्मभर सुतारकाम करून हात थरथरायला लागले तेव्हा शेताकडे वळलेला. थोरला मुलगा आणि त्याची बायको. आणि धाकटी. तिचा नवरा दूर कुठेतरी मालमोटार चालवायचा आणि पिकासारखा हंगामाला उगवायचा. लग्नाआधी धाकटी दहावीला शास्त्रात नापास झाली होती. यंदा बाहेरून परीक्षेला बसणार होती. भांडी झाली की पडवीत पुस्तक घेऊन बसायची. घरात कोणी हरकत घेतली नव्हती. पण कोणी कंदीलही जवळ सरकवला नव्हता.

थोरला तिच्याशी थेट बोलत नसे. रागाने नव्हे, त्याची रीतच तशी. समोर ती वाढत असली तरी तो बायकोकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, मीठ कमी आहे." आणि थोरली मान न वळवता म्हणायची, "मीठ कमी आहे गं."

त्या दिवशी जेवताना थोरला म्हणाला, "काठावरून फळ्या टाकत इंजिनच पाण्यापाशी नेऊ. फळीवरून फळीवर."

"फळी वाकते," म्हातारा म्हणाला.

"वाकली तर वाकली."

"वाकली की सगळा भार मधल्या हातभर जागेवर येतो. कडा वर उचलल्या जातात. मग फळी असून नसल्यासारखी."

धाकटीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि बोलून गेली, "दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ."

तिघांनी वर पाहिलं.

"काय म्हणाली ती?" थोरल्याने बायकोला विचारलं.

"पुस्तकातलं काहीतरी म्हणाली," थोरली म्हणाली. "चालू दे. तिचं पोट त्यावर भरतं."

म्हातारा मात्र हात धुताना तिच्याकडे बघून म्हणाला, "भागून काय येतं?"

"किती रुतेल ते," धाकटी म्हणाली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे रुतेल की नाही, ते. नक्की नाही सांगता येत, मामंजी. बघावं लागेल."

ते बघायला ती दुपारी तळ्यावर गेली. बरोबर बसायचा पाट घेतला. साडी खोचून ती गाळात उतरली. दोन्ही पायांवर उभी राहिली तर पोटरीपर्यंत गेली. एक पाय उचलला तर दुसरा गुडघ्यापर्यंत गेला आणि तो काढताना ती तोंडावर पडली. मग तिने पाट टाकला आणि त्यावर चढली. पाट बोटभर बसला आणि थांबला. ती किती तरी वेळ तशीच उभी राहिली, खाली बघत. गाळात बुडबुडे आले आणि गेले. पाट तिथेच.

काठावर म्हातारा येऊन बसला होता. "आता मी," तो म्हणाला आणि चपला काढून उतरला. तो तिच्यापेक्षा कमी रुतला.

"मी तुझ्याहून जड असेन," तो म्हणाला. त्याला ते नीट पटलं नव्हतं. गाळाने आपला मान ठेवला की अपमान केला, हेच त्याला कळेना.

"पाय मोठे आहेत तुमचे."

म्हाताऱ्याने आपल्या पायांकडे पाहिलं. पंज्यात पसरलेले, अंगठे बाहेर फाकलेले. पायाने लाकूड दाबून धरून वर्षानुवर्षं करवत चालवली होती त्याने.

वजन करायला ती पिठाच्या गिरणीत गेली. तिथे पोत्यांचा काटा होता. बरोबर म्हातारा आणि थोरली जाऊ. धाकटी चढली, अठ्ठेचाळीस किलो. म्हातारा चढला, बावन्न.

"तुम्ही पण चढा ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"मी कशाला? मला काय गाळात पेरणार आहेस?"

"हिशेबाला असलेलं बरं."

थोरलीने गिरणवाल्याकडे पाहिलं. तो पिठाने पांढरा झालेल्या भुवयांखालून मजेत काट्याकडे बघत होता. दळणासाठी थांबलेल्या बायाही माना वळवून बघत होत्या.

"माझं नको," थोरली म्हणाली. "हा मेला गावभर दळत बसेल. इंजिन तोल तुझं."

बाया हसल्या. धाकटीने आग्रह केला नाही. तिलाही वाटलं, उगाच कशाला. इंजिनाचं वजन त्याच्यावरच्या पत्र्यावर ठोकलेलं होतं. चौकट धरून दोनशे किलो.

दाराचा विषय म्हाताऱ्यानेच काढला. ती पडवीत कागदावर फळ्यांची लांबी-रुंदी मांडत होती. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "न वाकणारी एवढी रुंद वस्तू ह्या घरात एकच आहे." आणि त्याने वाडीवस्तीत कुठेही नसेल अशा आपल्या पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. दोन झडपा. जाड फळ्या, मागून आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दुहेरी खिळे. उमेदीत असताना त्याने ते स्वतःसाठी केलं होतं आणि गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून दिवसा बंदच ठेवायचा.

"आणि घराला काय लावायचं?" थोरला म्हणाला.

"पोतं," म्हातारा म्हणाला. "चोराला काय न्यायचंय ते नेऊ दे. पुस्तकंच आहेत."

बिजागऱ्यांचे खिळे गंजले होते. म्हाताऱ्याने पटाशीने ते एकेक सोडवले. पटाशी हातात आली की त्याचा हात थरथरत नसे. एक झडप अंगणात पालथी घातली. धाकटीने तिची लांबी-रुंदी घेतली. मग म्हणाली, "मामंजी, तुमचा पाय घ्यायचा राहिलाय."

"कागद आण."

"कागदावर मावणार नाही."

थोरली फसकन हसली. म्हाताऱ्याने कानामागची सुताराची जाड पेन्सिल काढून सुनेच्या हातात दिली आणि आपल्याच दारावर, अनवाणी, दोन्ही पाय जुळवून उभा राहिला. धाकटी खाली बसली. पायाला हात लावू की नको, असं तिला झालं. मग तिने एका हाताने घोटा धरला आणि दुसऱ्याने पायाभोवती रेघ ओढली, अंगठ्याच्या बाजूने, बोटांच्या फटीतून, टाचेमागून. म्हाताऱ्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात. तो आकाशाकडे बघत राहिला. तो उतरल्यावर तिने त्या पायांत पट्टीने बारीक चौकोन आखले आणि मोजत बसली. तिचे पाय तिने आधीच फरशीवर काढून मोजले होते.

हिशेब जुळला. तिच्या पायाखाली दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅम, म्हाताऱ्याच्या पायाखाली एकशे तेरा. म्हणून तो जड असून कमी रुतला. पाटावर ती उभी होती तेव्हा छत्तीस. छत्तीसाला गाळ पेलत होता. इंजिन आणि झडप मिळून, भागिले झडपेचं क्षेत्रफळ, एकवीस. पुस्तकात वजनाला नऊ पूर्णांक आठने गुणायला सांगितलं होतं. पण सगळीकडे तेवढ्यानेच गुणायचं, म्हणून तिने कुठेच गुणलं नाही. तरी तीनदा भागून पाहिलं. तिन्ही वेळा एकवीस आलं, तेव्हा तिला भीतीच वाटली. इतकं सरळ कधी तिचं काही आलं नव्हतं.

"एकवीस," तिने सांगितलं. "छत्तीसपर्यंत चालतं."

"तिला विचार," थोरला बायकोला म्हणाला, "इंजिन गेलं तर काय?"

बायकोने विचारलं नाही. तोच पुढे म्हणाला, "इंजिन गेलं तर पुस्तकं चुलीत. सांग तिला."

"ऐकू येतं तिला," थोरली म्हणाली.

सकाळी बैलगाडीतून इंजिन कोरड्या काठापर्यंत आणलं. पहिली झडप गाळावर टाकली, तिच्यापुढे दुसरी. इंजिनाच्या चौकटीखाली वंगण चोपडलं. बेत सोपा होता. इंजिन ढकलत पहिल्या झडपेवरून दुसरीवर न्यायचं, मग मागची झडप उचलून पुढे टाकायची. ढकलायला थोरला, थोरली, म्हातारा आणि न बोलावता आलेला उतावळ्या. धाकटी पाटावर गुडघे टेकून पुढची झडप सरळ धरणार.

काठाजवळ गाळ घट्ट होता. इंजिन मुकाट सरकलं. झडप बदलली, पुन्हा सरकलं. उतावळ्या तर गाणंच म्हणायला लागला. "माझ्या वेळेला ही अक्कल कुठे गेली होती तुमची?" तो म्हणाला.

"तेव्हा तुझीच पुरेशी होती," थोरली म्हणाली. तिला धाप लागली होती.

पुढे गाळाचा रंग बदलला. वरची सुकलेली साय संपली, खालचा काळा, चकाकणारा गाळ लागला. चौघं झडपेवर चढून इंजिनाला खांदे लावून वाकले. धाकटी समोरून बघत होती. तिला झडपेची कड दिसत होती. कडेवरून एक काळी रेघ हळूच आत आली. मग एक कोपरा दिसेनासा झाला. थोरलीच्या बाजूचा.

तिला आधी कळलंच नाही. एकवीस, तिच्या डोक्यात चाललं होतं, एकवीसच आहे. मग तिने त्या झडपेवरचे आठ पाय पाहिले.

"उतरा!" ती ओरडली. "दारावरून उतरा! सगळे उतरा!"

कोणी हललं नाही. उतरायचं म्हणजे मांडीपर्यंत गाळात जायचं. आणि सांगणारी कोण, तर धाकटी.

"लावा जोर, गेलं बघा, लावा!" उतावळ्या म्हणाला. इंजिन कललं. डिझेलची धार झडपेवर सांडली.

"जाऊबाई, आडव्या व्हा! लोळा गाळात!"

थोरलीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती झडपेवर बसली, डोळे मिटले आणि कुशीवर गाळात कलंडली, पोतं टाकावं तशी. झडपेची कड तिथल्या तिथे थांबली. मग उतावळ्या पडला. मग थोरला. म्हातारा इंजिनाला मिठी मारून उभा होता. "मामंजी, सोडा," धाकटी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. त्याने सोडलं आणि पालथा झाला.

इंजिन कललेलं, पण झडपेवर राहिलं. सगळे पोटावर सरपटत काठाला आले. थोरलीच्या केसांपासून टाचांपर्यंत गाळ होता. डोळे तेवढे पांढरे. कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर थोरल्याने दाराच्या जागी पोतं लटकवलं. वाऱ्याने ते आत फुगायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना चूल दिसायची. जाणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारायचा, "दार कुठं गेलं?" आणि थोरला दर वेळी सांगायचा, "पोहायला."

धाकटीने पुस्तकं बांधून कोपऱ्यात ठेवली होती. चुलीत घालायला हाताशी असावीत म्हणून चुलीच्याच बाजूला.

"चुकलं कुठे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माणसं धरली नाहीत."

"कोणती माणसं?"

"आपणच. इंजिन धरलं, दार धरलं. ढकलणारे धरलेच नाहीत." तिने पुस्तकांची गाठ पुन्हा आवळली. "तुम्ही त्यावर उभे राहणार, हे मला दिसतच होतं. पण हिशेब करताना तुम्ही तिथे नव्हता."

पोतं फुगलं आणि बसलं. थोरली केस धूत होती. तिने तांब्या खाली ठेवला, ओले केस तसेच बांधले आणि पोतं बाजूला सारून बाहेर पडली.

ती परत आली तेव्हा धाकटी भांडी घासत होती. थोरली तिच्यासमोर उभी राहिली आणि रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "ब्याऐंशी. लिही."

"काय?"

"माझं. गिरणीत बाया होत्या, तो मेला होता, सगळे होते. ब्याऐंशी. एका बाईने तर पुन्हा चढा म्हणून सांगितलं, काटा बिघडलाय म्हणाली. पुन्हा चढले. ब्याऐंशीच." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही पण या जाऊन. आणि त्या उतावळ्याला न्या."

थोरला उठला आणि गेला.

हिशेब चव्वेचाळीस आला. छत्तीसच्या वर. धाकटीने बोट ठेवून तो आकडा थोरलीला दाखवला. थोरलीला भागाकार येत नव्हता. पण चव्वेचाळीस छत्तीसापेक्षा मोठा, एवढं येत होतं.

"मग मी एकटी उतरले असते तर?"

"तर... सदतीस."

"म्हणजे काठोकाठ," थोरली म्हणाली. तिला त्यात थोडा अभिमान वाटला असावा.

"दारावर कोणी चढायचंच नाही," धाकटी म्हणाली. "पण मग ओढायचं कुठून, ते मला कळत नाही."

ते थोरल्याने सोडवलं. तळ्याचा पलीकडचा काठ खडकाचा होता. तिथून पाण्यावरून दोर टाकायचा आणि खडकावर पाय रोवून ओढायचं. पिण्याच्या पाण्याच्या आडाचा दोर काढला, उतावळ्याच्या आडाचाही जोडला. थोरला कमरेला दोर बांधून उरलेल्या पाण्यातून पोहत अलीकडे आला, गाळाच्या कडेला पालथा झाला आणि दोराचं टोक धाकटीकडे फेकलं. ती दोन पाटांवर होती, एका पाटावरून दुसऱ्यावर सरकत. तिने दोर चौकटीला बांधला. गाठ म्हाताऱ्याने शिकवली होती. तो ती काठावरून ओरडून तपासत होता.

पलीकडे ओढायला थोरला, थोरली आणि उतावळ्या. गाळावर ती एकटी. तिचा हात वर गेला की ओढायचं, खाली आला की थांबायचं. दोर ताणला जायचा, त्यातून पाणी पिळून निघायचं, इंजिन वीतभर सरकायचं. ती झडपेची कड बघायची. काळी रेघ आत येत नव्हती. इंजिन पुढच्या झडपेवर गेलं की मागची झडप सुटी व्हायची. गाळ तिला सोडायचा नाही. धाकटी पहारीचं टोक कडेखाली घालून उचकटायची, एक चोखल्यासारखा आवाज व्हायचा आणि झडप मोकळी. मग ती दोराने पुढे ओढायची. तिचे गुडघे सोलून निघाले. हाताचे फोड फुटले. पलीकडून थोरलीचा आवाज यायचा, "ओढा रे, मी काय तुमच्या दोघांच्या वाट्याचं ओढू? ब्याऐंशी आहे म्हणून?"

उन्हं उतरताना इंजिन पाण्याच्या कडेला पोचलं. दोन्ही झडपा शेजारी शेजारी लावून त्यांवर मध्यभागी ते बसवलं. पाइप पाण्यात सोडला. आता हँडल मारायचं होतं आणि ते धाकटीच्या हाताला झेपणारं नव्हतं. तिने दोनदा करून पाहिलं. इंजिन नुसतं उसासलं.

थोरला पोहत आला. पाट सरकवत दारापाशी पोचला आणि थांबला. कडेला हात ठेवला. बायको पलीकडच्या काठावर होती. मध्ये कोणी नव्हतं.

"मी चढू का?" त्याने विचारलं.

धाकटीने मनात भागलं. इंजिनाचे दोनशे, दोन्ही झडपांचे ऐंशी, त्याचे सत्तर. भागिले दोन्ही झडपा. पंधरा. तिने पुन्हा भागलं.

"चढा," ती म्हणाली. "एकटेच."

तो चढला. कड बोटभर बसली आणि थांबली. त्याने हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, धूर सोडला, पुन्हा खोकलं आणि धरलं. दाराच्या फळ्या थरथरू लागल्या, गाळावर बारीक सुरकुत्या उठल्या. धाकटी इंजिनाकडे बघत नव्हती. ती कडेकडे बघत होती. काठापर्यंत सोडलेल्या लांब नळीतून आधी हवा आली, मग गढूळ थुंकी, मग पाणी.

इंजिन हंगामभर तिथेच राहिलं आणि म्हणून दारही. घराला पोतं राहिलं. धाकटी परीक्षेला गेली, तीही पोतं बाजूला सारूनच. पेपरात जमिनीवर ठेवलेल्या विटेचा दाब काढायला सांगितला होता. तिने बल काढलं, क्षेत्रफळाने भागलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मग थोडा वेळ थांबली आणि खाली लिहिलं, 'विटेवर कोणी उभं नसल्यास.' त्याचे गुण मिळाले की कापले, ते कळायला मार्ग नव्हता. पास झाली, एवढं कळलं.

कांद्याचं बी भरलं. पोती शिवून झाल्यावर इंजिन काढलं, तेही पलीकडच्या काठाने नव्हे, अलीकडून, बैलांना कोरड्यावर उभं करून, सावकाश. उतावळ्याचं धुराडं पावसापर्यंत तसंच होतं.

दार धुतलं. बाहेरच्या बाजूचा रंग गाळाने खाल्ला होता. आतल्या बाजूला पट्ट्यांच्या मध्ये म्हाताऱ्याचे दोन पाय तसेच होते, चौकोनांसकट. सुताराची पेन्सिल पाण्याने जात नाही. बिजागऱ्या बसवल्या, झडपा उभ्या केल्या, आणि ते पाय उभ्या दारावर आले, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, जणू कोणी दारावरून वर चालत गेलं होतं.

"हे काय घरात पाय दाखवत बसायचं पाहुण्यांना," थोरला म्हणाला आणि धाकटीकडे वळला. "रंधा कुठे ठेवलाय गं?"

तिने आणून दिला. म्हाताऱ्याने तो मध्येच घेतला, पातं बोटाने पाहिलं आणि खाली ठेवून दिला.

"रंधा मारला की फळी पातळ होते," तो म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात परत लागणार आहे."